पुण्यातील आगळीवेगळी घरे: जाहिरात कशी वाचावी आणि खोट कुठे शोधावी

रविवारी सकाळी चहाबरोबर घरविक्रीच्या जाहिराती चाळण्याची सवय मला काही वर्षांपूर्वी लागली, आणि ती अजून सुटलेली नाही. एकसारख्या फरशीचे, एकसारख्या बाल्कनीचे दोन-तीन बेडरूमचे फ्लॅट मी न पाहताच पुढे सरकवतो. नजर थांबते ती ‘पेठेत चौकाचा वाडा, आडासह’, ‘टेकडीच्या कुशीत दगडी बंगला’, ‘नदीकाठी रो-हाऊस’, ‘कँपात ब्रिटिशकालीन बंगला, मोठे आवार’ अशा ओळींवर. यांतील बहुतेक घरे घेण्याची माझी ऐपतही नाही आणि इरादाही नाही. परंतु काही घरे मी प्रत्यक्ष जाऊन पाहिली, एका घरासाठी विसारही दिला, आणि त्या फेरफटक्यातून एक साधी रीत हाती लागली. अशा जाहिरातीतील जे विशेषण आपल्याला भुरळ घालते, त्याच विशेषणाच्या मागे त्या घराची अडचण लपलेली असते, आणि ती अडचण कोणत्या तरी एका ठरावीक कागदावर नोंदलेली असते. तो कागद कोणता, हे ओळखून घर पाहायला जाण्यापूर्वीच मागावा. पुढील मजकूर या रीतीचाच विस्तार आहे.

घर पाहण्याआधी

जाहिरातीत काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हे पाहावे. राहत्या घराच्या जाहिरातीत ‘गुंतवणुकीसाठी उत्तम’ असे लिहिले असेल, तर तेथे आज राहता येत नाही असा त्याचा अर्थ बहुधा निघतो. ‘आहे त्या स्थितीत’ याचा अर्थ मालक दुरुस्तीविषयी एक शब्द बोलणार नाही. ‘बँक कर्ज होणार नाही’ ही ओळ मात्र प्रामाणिक आहे, आणि ती कोठे दिसली तर मालकाचे मनोमन आभार मानावेत. कारण बँकेच्या वकिलाने आणि मूल्यांकनकाराने जे घर नाकारले, ते आपण का घ्यावे, हा प्रश्न विचारण्याची संधी तिने आपल्याला फुकट दिलेली असते. ही ओळ नसेल तर आपण होऊन विचारावे, की या मिळकतीवर एखादी राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देईल का. उत्तर देताना मध्यस्थ किती वेळ घेतो, त्यावरून पुष्कळ कळते.

क्षेत्रफळ कोणत्या मापात दिले आहे, हेही पाहावे. शहरात किंवा शहरालगत एखादे घर ‘गुंठ्यां’त विकले जात असेल, तर जमीन अजून शेतीची असण्याची शक्यता मोठी असते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एक एकर, एवढे गणित तोंडपाठ असावे, कारण बोलण्यात गुंठा, आर आणि चौरस फूट यांची सरमिसळ सर्रास होते.

यानंतरचे काम खुर्चीत बसूनच होते. पेठा आणि जुन्या शहराच्या भागात सिटी सर्व्हे झालेला असल्याने तेथे मालकीची नोंद मिळकत पत्रिकेवर, म्हणजे बोलीभाषेतील प्रॉपर्टी कार्डावर असते. जेथे तो झालेला नाही तेथे सातबारा आणि फेरफार पाहावे लागतात. हे उतारे ऑनलाइन मिळतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत पूर्वीच्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते. जुने दस्त मात्र दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊनच शोधावे लागतात, आणि ते काम वकिलाकडे सोपवून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. तोवर आपण उपग्रह नकाशावर त्या जागेची मागील काही वर्षांची छायाचित्रे पाहून घ्यावीत. जाहिरातीतील ‘खासगी रस्ता’ हा पाच वर्षांपूर्वी कोणाच्या तरी शेताचा बांध होता, हे तेथे स्पष्ट दिसते.

वाडा

वाड्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुण्यात सर्वांत मोहक आणि सर्वांत गुंतागुंतीचे घर तेच.

शनिवार पेठेतील एका वाड्याची जाहिरात मला चांगली आठवते. ‘शांत, एकाच कुटुंबाचा वाडा’ असे तिच्यात लिहिले होते. मध्यस्थाने मोठ्या दरवाजातील दिंडी उघडली, आम्ही वाकून आत गेलो आणि देवडीच्या भिंतीकडे माझे लक्ष गेले. तेथे एका ओळीत विजेचे सात मीटर होते आणि त्यांपैकी तिघांचे दिवे लुकलुकत होते. चौकात तुळशीवृंदावन होते, ओसरीवर जुने झोपाळ्याचे कडे होते, वर कडीपाटाचे सुरेख छत होते. पण माझे मन त्या सात मीटरांतच अडकले. मागच्या खणात राहणाऱ्या एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बसा ना, पाणी देते. या वर्षी बघायला आलेले तुम्ही सहावे.” त्यांच्या सासऱ्यांनी ती जागा भाड्याने घेतली होती.

वाड्यातील भाडेकरू हा पहिला विषय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आणि त्यापूर्वीचा १९४७ चा कायदा यांखाली जुन्या भाडेकरूला भक्कम संरक्षण आहे. भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, आणि भाड्यात वर्षाला चार टक्क्यांपर्यंतच वाढ करता येत असल्यामुळे मूळ भाडेच काही रुपये असेल तर ती वाढही तशीच राहते. वाडा विकला म्हणून भाडेकरू जात नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. ‘खरेदीनंतर आम्ही त्यांना उठवून देऊ’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मध्यस्थांकडून ऐकले आहे. त्यावर विश्वास ठेवायचाच असेल, तर प्रत्येक भाडेकरूचा ताबा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त खरेदीखताच्या आधी मागावा. ‘रिकामी’ असलेल्या कुलूपबंद खोलीबाबतही हीच दक्षता घ्यावी, कारण कुलूप मालकाचे आहे की परगावी गेलेल्या भाडेकरूचे, हे कुलपाकडे पाहून कळत नाही.

दुसरा विषय हिस्सेदारांचा. वाडा बहुधा तीन-चार पिढ्यांचा असतो आणि मिळकत पत्रिकेवर दहा-पंधरा नावे असतात. त्यांतील काही व्यक्ती हयात नसतात आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले की त्यासाठी ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. म्हणून ‘बहिणींचे लग्न झाले आहे, त्यांचा प्रश्न येत नाही’ असे कोणी सांगू लागले, तर प्रश्न नेमका तेथेच येतो असे समजावे. प्रत्येक बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे, किंवा खरेदीखतावर तिची सही तरी हवी.

काही वेळा संपूर्ण वाड्याऐवजी एखादा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा आश्चर्य वाटावे इतक्या कमी किमतीला विकायला काढतो. ही किंमत कमी असण्याचे कारण कायद्यातच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घरातील अविभक्त हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो. तो दावा लावला की विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील इतर हिस्सेदार त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला स्वतः विकत घेऊ शकतात. म्हणजे पैसे आपले, वर्षे आपली, आणि शेवटी वाडा त्यांचाच.

तिसरा विषय वाडा कोठे आहे हा. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्तीदेखील परवानगीनेच करावी लागते. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचे मालक हा प्रश्न कित्येक वर्षे मांडत आहेत. ‘शनिवारवाडा खिडकीतून दिसतो’ ही जाहिरातीतील ओळ वाचून हरखून जाण्याआधी अंतर मोजावे. याशिवाय विकास आराखड्यात समोरच्या रस्त्याची रुंदी वाढणार आहे का आणि त्यात वाड्याचा दर्शनी भाग किती फूट जातो, तसेच वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हेही महापालिकेतून लेखी घ्यावे.

चौथा विषय लाकडाचा आणि मातीचा. सागवानी खांब शतकभर टिकतो हे खरे, पण तो कुजतो तो तळाशी, जेथे तो दगडी तळखड्यावर टेकलेला असतो. खांबाच्या मधोमध टकटक करून काही कळत नाही. तळाजवळ पेचकस हलक्या हाताने दाबून पाहावा. तो लोण्यासारखा आत गेला तर तुळईवरचा भार कोठे उतरतो आहे, याचा विचार करावा. वरच्या मजल्याच्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या असतात, आणि छपराची पन्हळ एका पावसाळ्यात जरी तुंबली तरी त्या आतून फुगतात. शेजारचा वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली असेल तर सामाईक भिंत आवर्जून पाहावी, कारण दोन वाडे एकमेकांच्या आधाराने उभे असतात आणि एक गेला की दुसऱ्याची भिंत उघडी पडते. महापालिकेने महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस दिली आहे का, हे विचारावे. अशी नोटीस पावसाळ्याच्या तोंडावर अनेक वाड्यांना निघते, आणि वाडा उतरवून घेतला तरी भाडेकरूंचे हक्क त्या मातीबरोबर जात नाहीत.

आडाविषयी एक लहानसे विषयांतर करतो. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजहून नळाने पाणी शहरात आणले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले. त्यामुळे जुन्या वाड्याच्या आवारात हौद, आड किंवा जमिनीखालची पोकळी असणे नवलाचे नाही. राहणाऱ्याला त्याचे कौतुक वाटते. पाया खणणाऱ्याला मात्र ती पोकळी आधी माहीत असलेली बरी.

पाणी दिसते ते घर, आणि टेकडी दिसते ते घर

पुण्यात नदीकाठचे घर पाहताना १२ जुलै १९६१ ही तारीख विसरून चालत नाही. त्या दिवशी पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली आणि मुठेकाठचे शहर वाहून गेले. तितक्या मागे जायचे नसेल तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवावी, जेव्हा आंबिल ओढ्याने वस्त्यांत आणि सोसायट्यांत घुसून माणसे नेली. किंवा २५ जुलै २०२४ ची पहाट, जेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोक घरांत पाण्याने वेढले गेले. म्हणून नदीपासूनचे अंतर जितके पाहावे, तितकेच ओढ्यापासूनचेही पाहावे. जाहिरातीत ओढ्याचा उल्लेख कधीच नसतो. फार तर ‘मागे हिरवळ’ असते.

येथे मागायचा कागद म्हणजे पूररेषांचा नकाशा. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्ट्यात नवे बांधकाम निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये ते जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवून आणि इतर अटी पाळून करता येते. जुने घर निळ्या रेषेच्या आत असेल तर ते आज उभे आहे, परंतु उद्या पाडून बांधता येईल असे गृहीत धरता येत नाही, आणि किंमत त्या हिशेबाने ठरली पाहिजे.

नकाशा हाती येईपर्यंत घरच पुष्कळ सांगते. सिंहगड रस्त्याच्या परिसरातील एका तळमजल्याच्या रो-हाऊसमध्ये मला सगळे प्लगचे सॉकेट छातीच्या उंचीवर बसवलेले दिसले. मालकांनी सांगितले, “आमच्या आईला वाकता येत नसे.” ते खरेही असेल. पण बाहेरचा मीटरही माझ्या डोक्याच्या वर होता, स्वयंपाकघरातील ओट्याखाली लाकडी कपाटांऐवजी सिमेंटचे कप्पे होते, आणि सबंध तळमजल्याला साडेतीन फुटांपर्यंत एक रंग आणि त्यावर दुसरा रंग होता. आई एकटीसाठी एवढे कोणी करत नाही.

टेकडीचे घर याच्या उलट बाजूने फसवते. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या, म्हणजे बाणेर, बावधन, वारजे, कोंढवा अशा भागांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे आणि तेथे घर बांधता येत नाही. शिवाय एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. असे असूनही टेकडीच्या उतारावर घरे उभी राहिलेली दिसतात आणि त्यांच्या जाहिराती ऑगस्टमध्ये, डोंगर हिरवागार असताना काढलेल्या छायाचित्रांसह येतात. या घरांना महापालिकेची कर पावती असते आणि ती मोठ्या विश्वासाने दाखवली जाते. कर पावतीने बांधकाम अधिकृत ठरत नाही. उलट पावती नीट वाचावी, कारण अनधिकृत बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि पावतीवरील आकडा शेजारच्या तेवढ्याच घराच्या तिप्पट असेल तर कारण समजून घ्यावे. झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि मंजूर नकाशा या दोनच कागदांवर टेकडीच्या घराचा निर्णय घ्यावा.

बंगले: जमीन कोणाची?

कँपातील बंगल्याचे आवार पाहून माणूस हरखतो. उंच छत, रुंद व्हरांडा, आंब्या-चिंचेची झाडे. पुणे आणि खडकी या दोन्ही कटक मंडळांच्या हद्दीत असे काही बंगले ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीचे आहेत. त्यांत जमीन सरकारची असते आणि धारकाकडे केवळ वरची इमारत असते. सरकार ठरावीक नोटीस देऊन आणि इमारतीचा मोबदला देऊन जमीन परत घेऊ शकते. आवाराचे तुकडे करणे, वापर बदलणे, नवे मजले चढवणे हे परवानगीशिवाय होत नाही. येथे सातबारा किंवा मिळकत पत्रिका उपयोगाची नाही. जनरल लँड रजिस्टरचा उतारा मागावा आणि जमीन धारणेचा रकाना वाचावा.

प्रभात रस्ता, एरंडवणे किंवा सहकारनगर अशा भागांतील बंगल्यांत प्रश्न वेगळा असतो. पुष्कळ ठिकाणी भूखंड सहकारी सोसायटीचा असतो आणि सभासदाकडे तो भाडेपट्ट्याने असतो. त्यामुळे बंगल्याच्या खरेदीखताबरोबर सोसायटीची संमती, भागपत्राचे हस्तांतर आणि भाडेपट्ट्याची उरलेली मुदत पाहावी लागते. पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांना शासनाने जमिनी दिल्या, तशा शासकीय जमिनीवरील घर असेल तर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे हस्तांतरावर शासनाची बंधने असलेली जमीन) ही नोंद आहे का आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे तपासावे. आउटहाऊसमध्ये माळी किंवा राखणदाराचे कुटुंब वीस-तीस वर्षे राहत असेल, तर ते कोणत्या नात्याने राहते याचा कागद पाहावा. आणि आवारातील ५० वर्षांहून जुने झाड आता कायद्याने वारसा वृक्ष मानले जाते, हे पुनर्बांधणीचे स्वप्न पाहणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे.

मालक परदेशी असणे ही तर पुण्यातील बंगल्यांची नेहमीची गोष्ट. आई-वडील गेले, मुले अमेरिकेत, आणि बंगल्याची किल्ली मामांकडे. मामा कितीही सज्जन असोत, त्यांच्याकडील कुलमुखत्यारपत्र विक्रीचे आहे की केवळ देखभालीचे, परदेशात केलेले ते पत्र येथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला आहे का, आणि ते देणारी व्यक्ती आज हयात आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये. केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. शिवाय ५० लाख आणि त्याहून अधिक किमतीच्या घरासाठी निवासी भारतीयाला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापावा लागतो, पण विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच जास्त असते, आणि ती कमी कापली गेल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

गच्चीसह वरचा मजला

या प्रकारात माझेच हात पोळले. कोथरूडमधील एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील घर होते. आतून जिना, वर गच्ची, आणि गच्चीवर काचेच्या भिंतींची एक खोली, जेथून वेताळ टेकडी दिसत होती. मी त्या खोलीत टेबल कोठे ठेवायचे हे ठरवले आणि त्याच संध्याकाळी ५१,००० रुपये विसार दिला. कागद मागितले ते नंतर. मंजूर नकाशा मालकाकडे ‘सापडत नव्हता’, म्हणून माहिती अधिकारात अर्ज करून तो मिळवला. त्यात त्या जागी खोली नव्हतीच. एक रेषाही नव्हती. गच्ची ‘सामाईक’ लिहिलेली होती, जिना दाखवलेला नव्हता, आणि सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात या गच्चीतून खालच्या दोन घरांत गळती होत असल्याच्या तक्रारी होत्या. विसार परत मिळायला चार महिने लागले आणि पावतीवर ‘कागद समाधानकारक नसल्यास परत’ हे शब्द नसल्यामुळे त्यातील काही रक्कम गेली ती गेलीच.

तेव्हा ‘स्वतंत्र गच्ची’ असे वाचले की मूळ करारनामा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तिन्ही समोरासमोर ठेवून पाहावेत. तिन्हींत गच्ची त्या घराला जोडलेली दाखवली असेल तरच ती आपली. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील, पार्किंग बिल्डर सुटे विकू शकत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णयही येथेच आठवावा, कारण अशा घराबरोबर ‘दोन विकत घेतलेली पार्किंग’ हमखास सांगितली जातात. दोन फ्लॅट जोडून केलेल्या मोठ्या घरात मधली काढलेली भिंत साधी होती की तिच्यात कॉलम-बीम होते, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्यावे. त्याची फी या सर्व खर्चांत सर्वांत स्वस्त असते.

फार्महाऊस

मुळशी, वेल्हे, पानशेतच्या बाजूची ‘जलाशयाचे दृश्य’ असलेली फार्महाऊसे पाहायला जावे, भजी खावी आणि परत यावे, असे माझे वैयक्तिक मत आहे. पण घ्यायचेच असेल तर सातबाऱ्यापासून सुरुवात करावी. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी घेणारा शेतकरी असावा लागतो, हे कुळ कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळ, बोजा, कलम ४३ ची अट (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही ही), वनविषयक शेरा असे काही असेल तर तेथेच थांबावे. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहेच: २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरवले. त्यानंतरही या कायद्यात सवलतीचे बदल होत आले आहेत, म्हणून व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. पाच-सात गुंठ्यांचे ‘प्लॉट’ पाडून विकणारे सातबाऱ्यावर अनेकांची नावे सामाईक चढवतात. मग कुंपण आपल्या भोवती असते, पण कागदावर आपली जागा नेमकी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. सरकारी मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मागावी, आणि रस्ता दुसऱ्याच्या शेतातून येत असेल तर त्याची वहिवाट कागदावर आहे का, हे पाहावे.

विसार देण्यापूर्वीचे शेवटचे दिवस

घर किमान तीनदा पाहावे: एकदा दुपारी, एकदा रात्री नऊनंतर, आणि एकदा मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मध्यस्थाशिवाय एक फेरी मारावी आणि शेजारच्या काकूंना पाणी किती वाजता येते, असे विचारावे. नव्याने महापालिकेत आलेल्या गावांत या एका प्रश्नावर टँकरचा महिन्याचा खर्च, सेप्टिक टँकची अवस्था आणि मालकाचे शेजाऱ्यांशी असलेले वैर हे सारे दहा मिनिटांत कळते. वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि तिची मुदत संपेपर्यंत थांबावे. मालक ‘नोटीस नको, लोक उगाच चौकशी करतात’ असे म्हणाले, तर नोटीस नक्कीच द्यावी.

खर्चाच्या हिशेबात पुणे शहरात पुरुष खरेदीदाराला मेट्रो अधिभारासह सात टक्के मुद्रांक शुल्क आणि कमाल ३०,००० रुपये नोंदणी फी धरावी. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. विसार पावतीवर मिळकतीचा सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, सर्व मालकांची नावे व सह्या, कोणते कागद किती दिवसांत मिळतील आणि ते न मिळाल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम किती दिवसांत परत होईल, एवढे लिहून घ्यावे. रक्कम धनादेशाने किंवा बँक खात्यातूनच द्यावी.

शनिवार पेठेतील त्या वाड्याची जाहिरात गेल्या आठवड्यात मला पुन्हा दिसली. छायाचित्रे तीच आहेत, किंमत उतरली आहे, आणि ‘एकाच कुटुंबाचा’ हे शब्द काढून तेथे ‘तीन भाडेकरूंसह’ असे लिहिले आहे. मी मध्यस्थाला फोन करून मिळकत पत्रिका मागितली. या वेळी त्याने ती दहा मिनिटांत पाठवली. तिच्यावर चौदा नावे आहेत, आणि त्यांतील एका नावापुढे ‘मयत’ असा शेरा असून वारसांचा रकाना कोरा आहे.